पिशवी आणि म्यान : परत ठेवताना सुटलेल्या एका गोळीचं प्रकरण

जखम मोठी नव्हती. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं लांब चरा, पाच टाके, पंधरा दिवसांत भरून आलेला. गोळी मांडीला घासून गाडीच्या सीटमधून खाली गेली आणि पत्र्यात रुतली. आणखी आत असती तर मांडीची मुख्य रक्तवाहिनी होती, आणि गावापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता पाहता पुढचं बोलायला नको. म्हणून लहान जखमेचं हे प्रकरण मी मोठ्या जखमेइतकंच बारकाईने लिहितो आहे.

माणूस अमळनेर-धरणगाव पट्ट्यातला कापूस व्यापारी. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि नात्यांतले काही तपशील बदलले आहेत. पिस्तूल, होल्स्टर (पिस्तूल कमरेला लावायची खोळ), जाकीट आणि गाडीतली बसायची जागा मात्र होती तशीच ठेवली आहे, कारण सगळं प्रकरण या चार गोष्टींतच आहे. मी त्यांना आप्पा म्हणेन. गावही आप्पाच म्हणतं. माझी नोकरी पोलीस खात्यात शस्त्र हाताळणी शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर परवानाधारकांना तेच शिकवतो. आप्पा माझ्याकडे आले ते गोळी सुटल्यानंतर सात महिन्यांनी. त्यांनीच सांगितलं, "लिही, भाऊ. नाव टाकू नको, बाकी सगळं लिही."

त्या रात्री

डिसेंबर सरत आला होता. बोरीच्या काठाची थंडी, कापसाचा हंगाम भरात. आप्पा जळगावला हिशोबासाठी गेले होते, गाडी पुतण्या चालवत होता, आप्पा शेजारी पुढे बसलेले. कमरेला उजव्या बाजूला पॉइंट ३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) परवान्याचं पिस्तूल. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी; घोडा, म्हणजे काडतुसाला ठोकणारा हातोडा, चढलेला; सेफ्टी लावलेली.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे शेजारच्या माणसाच्या सीटबेल्टचं कुलूप त्याच्या उजव्या कमरेशी येतं. आप्पांचं होल्स्टर नेमकं तिथेच. बेल्ट लावला की कुलूप पिस्तुलावर दाबायचं, पिस्तूल बरगडीखाली रुतायचं. दोन वर्षं त्यांनी यावर एकच तोड काढली होती: गाडीत बसलं की पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, उजव्या मांडीच्या आणि मधल्या कप्प्याच्या फटीत ठेवायचं, वर उपरणं टाकायचं. उतरायच्या आधी बसल्या बसल्या परत होल्स्टरमध्ये सारायचं. जळगावच्या दर फेरीला असं दोन-तीनदा तरी होई.

पाळधी, धरणगाव करत गाडी साडेआठला दारात आली. आप्पांनी बेल्ट सोडला, उपरणं बाजूला केलं, डाव्या हाताने जाकिटाची कड वर धरली आणि त्याच हाताच्या दोन बोटांनी होल्स्टरचं मिटलेलं तोंड उघडलं. उजव्या हाताने पिस्तूल आत दाबलं. अर्ध्यात अडलं. अडलं म्हणून आणखी जोर दिला.

बंद गाडीत पिस्तुलाचा बार म्हणजे काय, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. पिस्तुलाच्या आवाजाचा कडाका मोकळ्या हवेतही १५० डेसिबलच्या वर जातो. काचा बंद असल्या की तो बाहेर जायला वाट नसते. पुतण्या आधी ओरडला, "आप्पा, काय व्हयनं?" आप्पांना ते ऐकू आलं नाही. त्यांना फक्त मांडी गरम झाल्याचं कळलं.

दवाखान्याने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. रात्रीच पंचनामा झाला. पिस्तूल, पुंगळी, मॅगझीन, होल्स्टर जप्त झालं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ खाली परवाना निलंबित झाला. पुढे चौकशी झाली, आणि तो पुन्हा सुरू करताना हाताळणीचं प्रशिक्षण नव्याने घ्यायला सांगितलं गेलं.

"सेफ्टी लायेल व्हती ना!"

पहिल्या दिवशी आप्पा माझ्यासमोर बसले आणि पहिलं वाक्य हेच बोलले. पोलिसांनाही हेच सांगितलं होतं, डॉक्टरांनाही. खोटं बोलत नव्हते. जळगावहून निघताना त्यांनी खटका, म्हणजे सेफ्टीची कळ, वर केलेला त्यांना लख्ख आठवत होता. त्यांच्या पिस्तुलात खटका डाव्या अंगाला आहे. वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू.

मी त्यांना उभं केलं. पिस्तूल रिकामं: मॅगझीन काढलं, स्लाइड (नळीवरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहिलं, करंगळी घालून चाचपलं, काडतुसं खोलीबाहेर ठेवली. मग तेच होल्स्टर, तेच जाकीट, उजवी कमर, आणि माझ्या गाडीची डावी सीट. म्हटलं, बसा, उठा, वाका, बूट घाला, बेल्ट लावा. दर वेळी खटका पाहायचा.

उजव्या कमरेला पिस्तूल लावलं की त्याचं डावं अंग शरीराकडे येतं. म्हणजे खटका पोटाला लागून. आप्पांचं पोट व्यापाऱ्याचं आहे. पहिल्या चार वेळी काही झालं नाही. पाचव्यांदा बुटासाठी वाकले आणि उठले तेव्हा खटका अर्धवट उतरला होता. आणखी दोनदा बसण्या-उठण्यात पुरता खाली. मांडीच्या फटीत ठेवून पाहिलं, तिथेही कप्प्याच्या कडेला घासून तो उतरत होता. खटका आपल्या खाचेत घट्ट बसत नव्हता. खाचेची कड झिजलेली, आतली स्प्रिंग नरम. हे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला दाखवलं असतं तर तासाभराचं काम होतं. दोन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

आप्पा खटक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी लावलेली, आणि माझ्याच पोटाने काढलेली."

इथे बहुतेक चौकशा थांबतात. सेफ्टी उतरली होती, कारण सापडलं, खटका दुरुस्त करा, झालं. माझं म्हणणं आहे की इथे थांबलो असतो तर आप्पांचा पुढचा अपघात ठरलेला होता. खटका खाली आल्याने गोळी सुटत नाही. गोळी चाप दाबल्याने सुटते. मग चाप कुणी दाबला? आप्पांचं बोट बाहेर होतं, हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि ते खरं निघालं.

होल्स्टर

जप्तीतून परत मिळालेलं होल्स्टर मी टेबलावर ठेवलं. काळ्या नायलॉनच्या कापडाचं, आत पातळ फोम, 'सगळ्या पिस्तुलांना चालतं' म्हणून विकलेलं. घेतलं तेव्हा ते थोडं ताठ असणार. दोन वर्षांच्या घामाने आणि उन्हाळ्याच्या ४५ अंशांनी त्याचा फोम बसला होता. पिस्तूल बाहेर काढलं की तोंड मिटायचं आणि चापापाशीचं कापड आत दुमडायचं. वरून पट्टी होती, तिचं बटण केव्हाच सैल झालेलं.

चहा घेऊन आलेल्या वहिनी, आप्पांच्या पत्नी, दारातच थांबल्या. होल्स्टर पाहून म्हणाल्या, "मी पहिल्या दिनलेच सांगं व्हतं. हाई पिशवी शे, म्यान नही."

गेल्या तीस वर्षांत होल्स्टरची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. पिशवी वस्तू सामावून घेते. म्यान एकाच पात्यासाठी बनतं, पातं बाहेर असतानाही आपला आकार सोडत नाही, आणि धार झाकतं. पिस्तुलाची धार म्हणजे चाप. जे होल्स्टर चाप आणि त्याभोवतीचं कडं पूर्ण, कडक, बाहेरून बोटही पोचणार नाही असं झाकत नाही, ते कितीही महाग असलं तरी पिशवीच आहे.

आता जाकीट. साधंच, थंडीचं, खालच्या कडेला नाडी आणि तिच्या टोकाला नाडी आवळायचा प्लॅस्टिकचा मणी, बोराएवढा. आम्ही रिकाम्या पिस्तुलावर तो क्षण पुन्हा उभा केला. आप्पा बसलेले, डाव्या हाताने जाकिटाची कड धरलेली, त्याच हाताची दोन बोटं होल्स्टरच्या तोंडात. पिस्तूल खाली गेलं तसा मणी चापाच्या कड्यात गेला. होल्स्टरचं आत दुमडलेलं कापड त्याच्या खाली. पिस्तूल अडलं. जोर दिला. कापडाने मणी थोपवला, मण्याने चाप थोपवला, आणि पिस्तूल खाली जात राहिलं. खोलीत 'टक्' असा कोरडा आवाज आला. घोडा पडला होता.

आप्पांनी तो आवाज ऐकला आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

दुसरी एक गोष्ट त्या प्रयोगात दिसली आणि ती मला आजही अस्वस्थ करते. होल्स्टरचं तोंड उघडणाऱ्या त्यांच्या दोन बोटांसमोरून नळीचं तोंड सरकत होतं. क्षणभर आधी बार झाला असता तर गोळी तळहातातून गेली असती. जे होल्स्टर दुसऱ्या हाताने उघडून धरावं लागतं, ते पहिल्याच दिवशी टाकून द्यायचं.

रिव्हॉल्व्हरचा हात

आप्पांकडे त्याआधी वीसेक वर्षं वडिलांच्या काळचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर होतं. रिव्हॉल्व्हरला बहुधा हाताची सेफ्टी नसतेच. तिथे सुरक्षा चापाच्या जडपणात असते: घोडा न चढवता चाप ओढायचा तर साधारण पाच किलोंचा जोर लागतो, आणि ओढही लांब. नाडीचा मणी तिथे अडकला असता तर बहुतेक माणसाला आधी कळलं असतं की काहीतरी अडलंय. घोडा चढलेल्या पिस्तुलाचा चाप त्याच्या निम्म्या जोरालाही सुटतो, आणि चालतो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा.

म्हणजे हत्यार बदललं, हात तोच राहिला. वीस वर्षं जे बेफिकीरपणे होल्स्टरमध्ये सारलं आणि काही झालं नाही, ते आप्पांच्या हाताने 'असंच सारायचं असतं' म्हणून पाठ केलं होतं. पिस्तूल घेतलं तेव्हा विक्रेत्याने भरायचं कसं, रिकामं कसं करायचं, खटका कुठे, एवढं दाखवलं. परवान्यासाठी शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला लागतो; तोही होता. कागदावर सगळं पूर्ण होतं. कमरेवरून काढणं आणि परत ठेवणं या दोन हालचाली मात्र कुणी त्यांच्याकडून करून घेतल्या नव्हत्या. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांच्या आचारसंहितेत त्यांनी पिस्तूल ठाण्यात जमा केलं आणि परत आणलं. प्रत्येक वेळी रिकामं करणं, भरणं, खोचणं त्याच जुन्या हाताने.

मी त्यांना दोष देत नाही, आणि हे औपचारिक वाक्य नाही. नोकरीत असताना आमच्या गार्डरूमबाहेर वाळूने भरलेली पेटी असायची. ड्यूटी संपली की शस्त्राची नळी तिच्यात धरून रिकामं करायचं. त्या पेटीत मी माझ्या डोळ्यांदेखत दोनदा गोळी जाताना पाहिली आहे, दोन्ही वेळा शिकलेल्या, कवायतीतल्या जवानांच्या हातून. आप्पांच्या दारात वाळूची पेटी नव्हती, एवढाच फरक.

खटका कशासाठी

आप्पांच्या मुलाने एक दिवस विचारलं, आणि प्रश्न चांगला होता: "काका, मग सेफ्टीचा उपयोग काय? मोबाइलवर तर दाखवतात की नव्या पिस्तुलांना खटका नसतोच."

खरं आहे. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी १९८२ मध्ये तिथल्या सैन्यासाठी जे पिस्तूल केलं त्याला बाहेरून खटका नाही. चापातच एक छोटी जीभ आहे. ती दाबली गेल्याशिवाय चाप हलत नाही, आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय आतले अडसर सुटत नाहीत. पडलं तर सुटत नाही. पण बोट असो की नाडीचा मणी, जीभ दाबणारा कोण आहे हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणून तसल्या पिस्तुलाबरोबर कडक होल्स्टर हा पिस्तुलाचाच भाग मानला जातो. (ते पिस्तूल मुळात ९ मिलिमीटरचं, हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात येतो, साध्या परवान्यावर मिळत नाही. मुलाने ते डोक्यातून काढलेलं बरं.)

आणि खटका असलेल्या पिस्तुलांतलं सर्वांत नावाजलेलं, जॉन ब्राउनिंगचं. अमेरिकी सैन्याने ते २९ मार्च १९११ ला स्वीकारलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या नमुन्यात मुठीची (मूठ धरल्यावरच सुटणारी) सेफ्टी होती, अंगठ्याचा खटका नव्हता. तो मागितला घोडदळाने. कारण साधं होतं: एका हातात लगाम, दुसऱ्या हातात घोडा चढलेलं पिस्तूल, आणि घोडं उधळलेलं. अशा वेळी पिस्तूल एका हाताने सुरक्षित करून होल्स्टरमध्ये परत कसं घालायचं? त्यासाठी खटका आला.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते एकदम सरळ बसले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला ते लहानपणापासून जातात. उधळलेलं घोडं एका हाताने आवरणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. आपण सगळे खटक्याकडे 'गोळी झाडायच्या आधी काढायची कडी' म्हणून पाहतो. ज्यांनी तो मागितला त्यांना तो परत ठेवतानासाठी हवा होता. आप्पांच्या पिस्तुलाने नेमकी तीच चूक दाखवली. पिस्तूल बाहेर काढताना माणूस सावध असतो, भ्यालेला असतो, नजर तिथेच असते. परत ठेवताना काम झालेलं असतं, घर आलेलं असतं, मन जेवणाच्या ताटाशी.

खटक्याबद्दल आणखी एक, कारण यात माणसं मरतात: सगळ्या पिस्तुलांचा खटका एका दिशेला चालत नाही. ब्राउनिंगच्या १९११ मध्ये वर केला की बंद. वॉल्थर पीपीके किंवा बेरेटा ९२ एफएस यांचा खटका स्लाइडवर असतो आणि तो खाली केला की बंद. एका पिस्तुलावर घडलेला अंगठा दुसऱ्यावर उलटं काम करतो. भावाचं पिस्तूल 'जरा बघू' म्हणून हातात घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

काय बदललं

सुरुवात आम्ही गरजेपासून केली. पिस्तूल कोणत्या दिवशी न्यायचं? पूर्वी रोख रकमेच्या थैल्या असत. आता शेतकऱ्याचे पैसे बहुतांशी बँकेतून जातात, आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर २०१७ पासून आयकर कायद्याची बंदी आहे. आप्पांनी आठवून पाहिलं तर हंगामातले मोजके दिवस निघाले. बाकी दिवस पिस्तूल कुलुपात. हे त्यांनी इतक्या सहज मान्य केलं की मलाच नवल वाटलं.

मग होल्स्टर. कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक असतं, गरम करून नेमक्या त्या पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात. जाड, साच्यावर बसवलेलं चामडंही चांगलं. मात्र चामडं नरम झालं, तोंडाची कड आत वळायला लागली की ते बदलायचं, कितीही जीव जडला असला तरी. आप्पांसाठी आम्ही कडक होल्स्टर घेतलं: चापाचं कडं पूर्ण झाकलेलं, तोंड रिकामं असतानाही उघडं, शरीराकडच्या बाजूला खटक्यावरून वर आलेली ढाल, म्हणजे पोट आणि खटका यांची गाठच नको. वरून अंगठ्याने उघडणारी पट्टी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते कमरेच्या पट्ट्यावरून पिस्तुलासकट निघतं. गाडीत कुलूप रुतलं तर पूर्ण होल्स्टर काढून पोटाच्या डाव्या बाजूला लावायचं. पिस्तूल बाहेर येतच नाही. पट्टाही बदलला. पॅन्टचा लवचिक पट्टा पिस्तूल ओढताना होल्स्टरही वर ओढतो.

शस्त्र नियम, २०१६ चा ३२ वा नियम हेच सांगतो: सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच्या होल्स्टरमध्ये, अंगावर, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. मांडीच्या फटीत उपरण्याखाली ठेवलेलं पिस्तूल या नियमात बसत नव्हतं. आप्पा इतकी वर्षं समजत होते की होल्स्टर ही आपली सोय आहे आणि नियम फक्त परवान्याच्या कागदाचा.

चेंबरचा मुद्दा वादाचा आहे, तरी माझं मत सांगतो. चेंबर भरून, घोडा चढवून, खटका लावून पिस्तूल नेण्याची रीत जगात आहे आणि ती मूर्खपणाची नाही. ती रोज सराव करणाऱ्यांसाठी आहे. आप्पांसारख्या साठीजवळच्या, जाड जाकीट घालणाऱ्या, वर्षातले मोजके दिवस पिस्तूल लावणाऱ्या माणसाने चेंबर रिकामं ठेवावं. आणीबाणीत एक-दोन सेकंद जास्त जातील. ते सेकंद आप्पांच्या आयुष्यात एकदाही लागलेले नाहीत. परत ठेवण्याची हालचाल त्यांनी शेकडो वेळा केली आहे. आप्पांना कुणीतरी 'चेंबर रिकामं म्हणजे नुसतं लोखंड' असं सांगून ठेवलं होतं. सांगणारा त्या रात्री दवाखान्यात नव्हता.

लाकडी पिस्तूल

सराव लाकडी पिस्तुलावर झाला. गावातल्या सुताराने सागाच्या तुकड्यातून मापाबरहुकूम करून दिलं, आणि ते नव्या होल्स्टरमध्ये नीट बसलं. पहिले दोन आठवडे खऱ्या पिस्तुलाला हातच लावला नाही.

काढताना काय करायचं ते शब्दांत सांगतो, पण हे वाचून भरलेल्या पिस्तुलावर करून पाहू नका. डावा हात सदरा वर खेचतो आणि छातीला चिकटून बसतो. तो आता नळीच्या पुढे येऊच शकत नाही. उजवा हात होल्स्टरमध्ये असतानाच मूठ पूर्ण पकडतो, कारण बाहेर आल्यावर पकड सुधारायला गेलं की बोटं भलतीकडे जातात. अंगठा पट्टी उघडतो. चापाचं बोट सरळ, पिस्तुलाच्या सांगाड्याच्या कडेला ताणलेलं, जसं कुणाला रस्ता दाखवतोय. पिस्तूल सरळ वर, होल्स्टरच्या बाहेर पूर्ण आल्यावरच नळी समोर. मग दोन्ही हात. खटका उतरतो तो समोरची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) लक्ष्यावर असताना आणि झाडायचं ठरलेलं असताना. बोट चापावर जातं ते त्याच्याही नंतर.

परत ठेवणं याहून हळू. आधी बोट बाहेर, मग खटका वर, तो लागलाय हे डोळ्यांनी पाहायचं. डावा हात कपडा बाजूला घेऊन छातीवर. उभं राहूनच, बसून कधीच नाही. मान खाली करून होल्स्टरच्या तोंडात बघायचं: नाडी, सदऱ्याचं टोक, रुमाल, काही आहे का? कंबर किंचित पुढे, म्हणजे नळीचं तोंड मांडीपासून बाहेर राहतं. आणि जरा जरी अडलं तर थांबायचं, पिस्तूल वर काढायचं, पाहायचं. आप्पांना हे एकच वाक्य मी सर्वांत जास्त वेळा म्हटलं. सिनेमात नायक समोरच्यावर नजर रोखून पिस्तूल न बघता कमरेला घालतो. शिकणाऱ्यांनी तो हात विसरावा.

मुलाला वेगाची हौस होती. मोबाइलवर सेकंदाच्या आत पिस्तूल काढणारे पाहून तो लाकडी पिस्तुलावर घाई करायचा आणि त्याचं बोट दर तिसऱ्या वेळी चापाच्या कड्यात असायचं. एकदा आप्पाच त्याच्यावर खेकसले, "घाई कसानी शे तुले?" मग स्वतः उठून त्याला हळू करून दाखवलं. मी काही बोललो नाही. त्या दिवशी आप्पा शिकले असं मी धरलं.

पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्यायचं, हे शिकवायला मात्र सगळ्यांत वेळ लागला. हात आपोआप झेपावतो, आणि झेललेल्या पिस्तुलात बोट जाण्याची जागा चापच असते. लाकडी पिस्तूल मी मुद्दाम शंभरेक वेळा त्यांच्या हातून पाडलं. ज्या दिवशी ते हात मागे घेऊन एक पाऊल बाजूला सरले, त्या दिवशी खरं पिस्तूल टेबलावर आलं.

एक प्रश्न आप्पांनी दोनदा विचारला. चोपड्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टीकडून गावठी कट्टे येतात, पोलीस सतत पकडतात. "ती पोरं कट्टा नुसता कमरेला खोचून हिंडतात, त्यांना काही होत नाही." होतं, आप्पा. मांडीत, जांघेत, पायात गोळी गेलेली पोरं मी पाहिली आहेत. ती दवाखान्यात 'रस्त्यात कुणीतरी मारली' असं सांगतात, म्हणून आपल्यापर्यंत त्यांची गोष्ट येत नाही.

आता

खटक्याची खाच आणि स्प्रिंग परवानाधारक कारागिराकडून दुरुस्त झाली. जुनं होल्स्टर वहिनींनी माझ्यासमोर कात्रीने कापलं. कुणाला देऊन टाकू नका, एवढंच मी म्हटलं होतं. त्याच बैठकीत त्यांनी घरातल्या सगळ्या जाकिटांच्या नाड्या काढल्या, नातवाच्या स्वेटरचीसुद्धा, जिचा पिस्तुलाशी काही संबंध नव्हता. मी अडवलं नाही.

या हंगामात आप्पांनी पिस्तूल चार वेळा लावलं. प्रत्येक वेळी घरी आल्यावर आधी गाडीतून उतरले, ओट्यावर गेले, मग होल्स्टरसकट काढून कपाटात कुलूप लावलं. हे मला पुतण्याने सांगितलं. गाडी अजून तोच चालवतो. बार झाला तेव्हा पिस्तूल त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर होतं. त्या कानात त्याला अजून बारीक शिट्टी वाजते, विशेषतः रात्री. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, ऐकणं कमी झाल्याचं लिहून दिलं, आणि ते परत येणार नाही असं सांगितलं. फोन आला की तो आता उजव्या कानाला लावतो.